उद्योजकतेचा वर्ग: विद्यार्थ्यांनी ऑनलाइन खरोखर एकत्र काम करावं यासाठी काय करायचं?

खडूफळा

उद्योजकता शिकवणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. बोलणं नेमकं राहावं म्हणून एक मांडणी गृहीत धरू: वर्गात ६० विद्यार्थी, ५ जणांच्या १२ टीम, १२ आठवड्यांचा कोर्स, आठवड्यातून एकदा झूमवर ९० मिनिटं, बाकीचं काम ज्याच्या त्याच्या वेळेनुसार. साधनं नेहमीचीच: गूगल डॉक्स, व्हॉट्सॲप आणि संस्थेचं मूडल (कोर्सचं साहित्य, कामं आणि चर्चा ठेवायची वेबसाइट).

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक टीमकडून गुळगुळीत बिझनेस प्लॅन येतो. तो एकाने किंवा दोघांनी रात्र जागून लिहिलेला असतो आणि वर नावं पाच असतात. नवं ॲप आणलं की दोन दिवस उत्साह टिकतो, मग पुन्हा तेच. टीम कशा पाडायच्या, कुठलं साधन कशासाठी वापरायचं, गुण कसे द्यायचे आणि एका टीमचा दुसऱ्या टीमला उपयोग कसा व्हावा, यावर कृपया हाताला लागेल असं सांगा. 'संवाद वाढवा' छापाचे सल्ले नकोत.

हिशेबवही

घोडं प्लॅटफॉर्मपाशी पेंड खात नाहीये, कामापाशी खातंय. वीस पानांचा प्लॅन एक हुशार मुलगी एका रात्रीत लिहू शकते, म्हणून ती लिहिते. बाकीचे चौघं आळशीच असतात असं नाही. त्यांना हात लावायला तिथे जागाच उरत नाही. आधी असं काम द्या जे एकट्याने वेळेत पुरं होणं शक्य नाही.

उद्योजकतेत असं काम आयतं हाताशी आहे: ग्राहकांच्या मुलाखती. स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्डला 'लीन लाँचपॅड' हा वर्ग सुरू केला तो याच पायावर. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने तो साचा संशोधकांना उद्योजकता शिकवणाऱ्या आपल्या आय-कॉर्प्स कार्यक्रमासाठी उचलला. तिथे एका टीमने सात आठवड्यांत किमान १०० मुलाखती घ्याव्यात अशी अपेक्षा असते. पदवीच्या मुलांना इतकं झेपणार नाही. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात प्रत्येकाने दर आठवड्याला २ घेतल्या तरी टीमच्या ३० होतात. माणूस शोधणं, वेळ ठरवणं, बोलणं आणि लिहून काढणं मिळून एका मुलाखतीला दीड तास धरा. म्हणजे एकट्यावर ४५ तासांचं ओझं. ते कोणी एकटा उचलत नाही, पाचांत वाटून घ्यावंच लागतं.

नोंदीसाठी टीमची एकच शेअर्ड शीट, मुलाखतीला एक ओळ. रकाने असे: क्रमांक, मुलाखत कोणी घेतली, तारीख, माणसाचा प्रकार (नाव नाही, फोन नंबर तर मुळीच नाही), अडचण शेवटची कधी आली, तेव्हा त्याने काय केलं, त्यात किती वेळ किंवा पैसा गेला, त्याच्या तोंडचं एक वाक्य जसंच्या तसं, आणि ही मुलाखत आपल्या कोणत्या गृहीतकाला धरून किंवा विरुद्ध जाते.

उदाहरणादाखल, जुनी पाठ्यपुस्तकं विकायला मदत करणारी सेवा काढू पाहणारी टीम घ्या. त्यांचं गृहीतक क्र. २: 'भाव कमी मिळतो म्हणून मुलं पुस्तकं विकत नाहीत.' मुलाखत १४ ची ओळ अशी दिसेल: दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी / मागची परीक्षा संपल्यावर / पुस्तकं तीन आठवडे कपाटावर पडून, मग एका ज्युनियरला फुकट दिली / वेळ शून्य, पैसा शून्य / "विकायची तर कोणाला विचारायचं हेच कळेना" / गृहीतक २ च्या विरुद्ध. अशा पाच-सहा ओळी वेगवेगळ्या सदस्यांकडून आल्या की टीमला भाव सोडून 'गिऱ्हाईक सापडत नाही' या अडचणीकडे वळावंच लागतं. ते वळण एकट्याच्या दोन मुलाखतींतून दिसत नाही.

दुसरा नियम: बिझनेस मॉडेल कॅनव्हास (अख्खा धंदा एका पानावर मांडणारा तक्ता) याच्या नऊ चौकटींपैकी कुठल्याही चौकटीत बदल करायचा तर शेजारी मुलाखतीचा क्रमांक लिहिलाच पाहिजे. मग कॅनव्हास भरणारा दुसऱ्याच्या नोंदी वाचल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

बिघडतं कुठे? मुलं विचारतात, "असं ॲप काढलं तर वापराल का?" समोरचा भिडेखातर हो म्हणतो आणि ३० पैकी २८ होकार घेऊन टीम खूश होते. म्हणून प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीबद्दल हवा: शेवटचं कधी, काय केलं, किती खर्च आला. 'कराल का' वाले प्रश्न पहिल्याच आठवड्यात बाद करा.

तिसरा_बाक

हिशेबवहींशी सहमत. टीमच्या आकाराबद्दल भर घालतो.

मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याचे दोरी ओढण्याचे प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसं वाढली की प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होतो, हे त्यात दिसलं. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ मध्ये टाळ्या आणि आरोळ्यांवर तेच तपासलं. तोटा फक्त ताळमेळ चुकल्याने होत नाही, माणूस मुळात कमी जोर लावतो, हे त्यांनी वेगळं करून दाखवलं. आपल्या कामाचं पुढचं सापडलं १९८१ मध्ये: ज्याचा आवाज त्याच्या नावावर मोजला जातोय हे कळलं की ही ढिलाई जवळपास नाहीशी होते. मुलाखतीच्या ओळीवर घेणाऱ्याचं नाव असणं म्हणूनच महत्त्वाचं.

४ जणांत जोड्या होतात ६, पाचांत १०, सातांत २१. ऑनलाइन कामात प्रत्येक जोडी म्हणजे निरोप अडकण्याची एक जागा. ४ किंवा ५ ठीक, ६ च्या वर जाऊ नका. तीनची टीम एक जण गळाला की दोनवर येते, तेही नको.

टीम पाडताना मैत्री बघू नका, हुशारीही आधी बघू नका. आधी वेळ बघा. पहिल्या आठवड्यात गूगल फॉर्म द्या: सात दिवस, रोज सकाळ-दुपार-रात्र असे २१ खण, जमेल तिथे खूण. शिवाय काम फोनवर करणार की संगणकावर, इंटरनेट कितपत भरवशाचं, अनोळखी माणसाशी बोलणं / हिशेब / लिखाण / चित्र-मांडणी यांपैकी काय बरं जमतं, आणि या विषयात किती गुणांचं लक्ष्य आहे. ज्यांचे किमान दोन खण जुळतात त्यांनाच एकत्र टाका. कौशल्यांचं मिश्रण त्यानंतर. 'पास झालं तरी पुरे' म्हणणारा आणि पैकीच्या पैकी हवे असणारा एका टीममध्ये आले की भांडण ठरलेलं, म्हणून शेवटचा प्रश्न वगळू नका. परड्यू विद्यापीठाचं कॅटमे हे साधन हेच काम सॉफ्टवेअरने करतं. ६० जणांचं शीटमध्ये हातानेही होतं, दोनेक तास लागतात.

मग प्रत्येक टीमकडून एक पानी करार. निरोपाला किती तासांत उत्तर द्यायचं, एकमत झालं नाही तर निर्णय कसा, कोणी कामच केलं नाही तर पहिली पायरी काय. तयार नमुना देऊ नका, नाहीतर सगळे तोच उतरवून नावं घालतात. फक्त प्रश्न द्या.

मूडलवाला

साधनांकडे येऊ. तीनच जागा ठेवा: बोलायला एक, लिहायला एक, सादर करायला एक. कामं वाटायला ट्रेलोसारखा वेगळा बोर्ड हवाच असं नाही, त्याच शीटमध्ये 'कामं' नावाचा दुसरा टॅब चालतो. मोफत आवृत्त्यांच्या मर्यादाही लक्षात घ्या. स्लॅक या टीमच्या चॅट ॲपच्या मोफत आवृत्तीत ९० दिवसांपूर्वीचे निरोप दिसत नाहीत. १२ आठवड्यांचा कोर्स ८४ दिवसांचा, म्हणजे निकालाच्या तक्रारी येईपर्यंत सुरुवातीचे निरोप दिसेनासे झालेले असतात.

गूगल डॉक्स वापरताना सर्रास होणाऱ्या दोन चुका.

पहिली म्हणजे 'लिंक असलेला कोणीही बदल करू शकतो' हे सेटिंग. सोयीचं वाटतं, पण लॉगिन न करता आलेल्या माणसाचा बदल निनावी म्हणून नोंदला जातो. नंतर व्हर्जन हिस्टरी (फाइलमधल्या बदलांचा इतिहास) उघडाल तर कोणी काय लिहिलं याचा पत्ता नाही. प्रत्येकाला ईमेल घालूनच परवानगी द्या.

दुसरी, फाइल विद्यार्थ्याच्या खात्यात तयार होते. त्याने ती काढून टाकली की टीमचं काम गेलं, कचऱ्यात ३० दिवस राहते तेवढंच. फाइल शिक्षकाने तयार करून टीमला द्यावी, किंवा संस्थेकडे शेअर्ड ड्राइव्ह असेल तर तिथे ठेवावी. तिथली फाइल व्यक्तीच्या मालकीची नसते.

शीटमध्ये कुठल्याही खणावर राइट क्लिक करून त्या एकाच खणाचा इतिहास बघता येतो. ओळ क्र. १४ रातोरात कोणी बदलली, हे कळायला तेवढं पुरतं. कॉमेंटमध्ये @ लावून सदस्याचा ईमेल टाकला की 'असाइन' चा पर्याय येतो. ते काम त्याच्या नावावर चढतं आणि तो 'डन' करेपर्यंत उघडं राहतं. कामं वाटायला ही सोय फार चांगली आहे आणि कोणी वापरत नाही.

मूडलमध्ये असाइनमेंट करताना 'ग्रुपने सादर करा' निवडलं की खाली 'सर्व सदस्यांनी सादर करणं आवश्यक' असा पर्याय असतो. सहकार्य वाढेल म्हणून तो चालू केला जातो. होतं असं की एक मुलगा गायब झाला की पाचही जणांचं काम ड्राफ्टमध्येच अडकतं. तो बंद ठेवा.

'प्रश्नोत्तर' प्रकारचा फोरम कल्पना गोळा करायला उत्तम, कारण स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं दिसत नाही. पण एक मेख आहे. लिहिल्यावर संपादनाची मुदत संपेपर्यंत, म्हणजे सहसा ३० मिनिटं, इतरांचं लिखाण दिसतच नाही. चालू तासात २० मिनिटांच्या उपक्रमासाठी हा फोरम लावला तर सगळे रिकाम्या पानाकडे बघत बसतात. घरच्या कामासाठीच वापरा.

खडूफळा

निनावी बदलांचा मुद्दा अगदी मोलाचा, आभार. पण टीमचे खरे निर्णय व्हॉट्सॲपवरच होतात, डॉकमध्ये फक्त निकाल येतो. शिक्षकाने त्या ग्रुपमध्ये असावं का?

सावली

नसावं. शिक्षक ग्रुपमध्ये आला की मुलं दुसरा ग्रुप काढतात आणि पहिल्यात 'ओके सर' एवढंच उरतं. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी टीममध्ये टाकलेल्या मुलीला तो द्यायचा नसेल तर तिला तसा पर्याय हवा. ज्या टीममध्ये एकीनेही नको म्हटलं, त्या टीमने बोलणं मूडलच्या फोरमवर किंवा डॉकच्या कॉमेंटमध्ये करावं. कारण विचारू नये.

व्हॉट्सॲपवर बंदी घालूनही काही साधत नाही. त्याऐवजी टीमच्या डॉकमध्ये सगळ्यात वर निर्णयनोंद ठेवायला लावा. तारीख, काय ठरलं, कोणत्या मुलाखतींवरून, कोणाचा विरोध होता आणि का, पुढचं काम कोण कधीपर्यंत करणार. एका निर्णयाला चार ओळी पुरतात. नियम एकच: नोंदीत नाही ते ठरलेलं नाही. विरोधाचा रकाना सारखा रिकामा दिसला तर समजा की एकच माणूस ठरवतोय. त्या टीमला पुढच्या तासाला विचारा, "सहावा निर्णय चुकीचा का असू शकतो, ते तुमच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्याने सांगा."

फोनवर काम करणाऱ्यांचाही विचार करा. मिरोसारखे मोठे ऑनलाइन फळे संगणकावर छान दिसतात. फोनच्या पडद्यावर चिठ्ठी शोधायलाच पाच मिनिटं जातात आणि तो सदस्य आपोआप प्रेक्षक बनतो. कॅनव्हासची नऊ चौकटींची आकृती हवीच असेल तर अंतिम सादरीकरणात काढा. रोजच्या कामाला नऊ ओळींचा साधा तक्ता बरा.

झूमच्या तासासाठी एक मांडणी सुचवते. संपूर्ण वर्गाची एकच गूगल स्लाइड्स फाइल, टीमला एक स्लाइड, स्लाइडवर मोठ्या अक्षरात टीमचा क्रमांक. टीम ब्रेकआउट रूममध्ये (झूममधल्या वेगळ्या छोट्या खोल्यांत) गेल्या की सगळे आपापल्या स्लाइडवर लिहितात. शिक्षकाला ग्रिड व्ह्यूमध्ये बाराही स्लाइड भरताना एकाच वेळी दिसतात. चार मिनिटं झाली आणि सातवी स्लाइड कोरीच, तर आधी सातव्या रूममध्ये जायचं. बारा रूमचे दरवाजे ठोठावत फिरावं लागत नाही. चौकटी आणि प्रश्न मात्र स्लाइडवर टाकू नका, थीममध्ये (स्लाइडमागच्या साच्यात) टाका, म्हणजे कोणाकडून चुकून हलणार किंवा पुसले जाणार नाहीत. तास सुरू होण्याआधी व्हर्जनला नाव देऊन ठेवा. कोणी अख्खी स्लाइड उडवली तर परत आणता येते.

तिसरा_बाक

स्लाइडची कल्पना झकास. ब्रेकआउट रूमबद्दल आणखी थोडं.

रूममध्ये पाठवल्या पाठवल्या चर्चा सुरू करू देऊ नका. आधी ४ मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून आपल्या नावापुढे लिहायचं, बोलायचं त्यानंतर. डील आणि स्ट्रोब यांनी १९८७ मध्ये दाखवलं की एकत्र बसून कल्पना काढणारे गट, तेवढ्याच माणसांनी सुटं बसून काढलेल्या कल्पनांच्या मागे पडतात. मुख्य कारण म्हणजे एक बोलत असताना बाकीचे अडकून राहतात. व्हिडिओ कॉलवर तर दोघं एकदम बोलूच शकत नाहीत, अडकणं अजून वाढतं. लिहिताना पाचही जण एकाच वेळी चालतात.

रूमचा वेळ १२ ते १५ मिनिटं. ७-८ मिनिटांत 'माझा आवाज येतोय का' मध्येच निम्मा जातो आणि २५ दिले की शेवटची दहा गप्पांत. सूचना स्लाइडवर लिहिलेल्या हव्यात, कारण रूममध्ये गेल्यावर मुख्य खोलीतली शेअर केलेली स्क्रीन दिसत नाही आणि रूममधली चॅट मुख्य खोलीत येत नाही.

रूमची नेमणूक आधीच ईमेलवरून केली असेल, तर विद्यार्थ्याने त्याच ईमेलच्या झूम खात्याने आत आलं पाहिजे. निम्मे जण नुसत्या लिंकवरून येतात आणि बाहेरच राहतात. सोपा उपाय: आपल्या नावाआधी टीम क्रमांक लावायचा, '०७' असा दोन आकडी, आणि रूम स्वतः निवडायची मुभा द्यायची. यादीत एका टीमची नावं एकाखाली एक दिसली की कोण आलं नाही तेही लगेच कळतं.

हिशेबवही

आता गुण. टीमला एक आकडा आणि तोच पाचांना दिला की आयत्या बिळावर नागोबा तयार होणारच. परस्पर मूल्यमापनाचं एक सोपं गणित देतो.

प्रत्येकाने इतर चौघांना ५ पैकी गुण द्यायचे, तेही विशेषणांवर नाही तर वागण्यावर: ठरल्या वेळी काम दिलं का, मुलाखती घेतल्या का, इतरांच्या नोंदी वाचून त्यावर काही लिहिलं का, अडलं तेव्हा आधी कळवलं का. समजा एका टीमच्या सदस्यांना मिळालेल्या सरासऱ्या ४.५, ४.२, ४.२, ४.० आणि २.६ आहेत. टीमची सरासरी ३.९. प्रत्येकाची सरासरी भागिले ३.९ हा त्याचा गुणक: १.१५, १.०८, १.०८, १.०३, ०.६७. वरची मर्यादा १.१० ठेवा. टीमला ७० गुण असतील तर हातात पडतात ७७, ७५, ७५, ७२ आणि ४७. मर्यादा नसेल तर 'मी जास्त केलं' हे दाखवण्यासाठी एक जण इतरांचं काम हिसकावून घेतो, आणि आपल्याला हवं होतं त्याच्या नेमकं उलटं होतं.

हे दोनदा करा. पाचव्या आठवड्यात गुण न धरता, फक्त प्रत्येकाला त्याची सरासरी आणि निनावी शेरे खाजगीत कळवायला. अकराव्यात खरं. पहिली फेरी वगळलीत तर २.६ वाल्याला सुधारायची संधी न देता शिक्षा केल्यासारखं होतं.

मूडलवाला

गणित पटलं, पण सगळ्यांनी सगळ्यांना ५ दिले तर गुणक १ येतो आणि तुम्ही पुन्हा मूळपदावर. अशा वेळी व्हर्जन हिस्टरीवरून कोणी किती लिहिलं ते मोजावं असं माझं मत.

सावली

इथे मात्र असहमत. अक्षरं मोजायला लागलात की मुलं अक्षरं घालतात. झूमवर पाच जण बोलत असतात आणि एक टाइप करतो, इतिहासात फक्त त्याचंच नाव येतं. सहा मुलाखतींसाठी वणवण केलेली मुलगी 'कमी काम' दिसते आणि दुसऱ्या ठिकाणाहून चार पानं चिकटवणारा 'जास्त'. इतिहास बघा, पण वाद आला की पुरावा म्हणून बघा. रोजचं माप म्हणून नको.

सगळ्यांनी ५ दिले तर प्रत्येक आकड्याबरोबर एक दुवा मागा: ज्याला ५ दिले त्याने केलेल्या एका कामाची ओळ, निर्णय किंवा कॉमेंट. चौघांसाठी चार दुवे शोधायला दहा मिनिटं लागतात. काहीच केलं नाही त्याच्यासाठी दुवा सापडतच नाही आणि आकडा आपोआप खाली येतो.

मूडलवाला

@सावली, टाइप करणाऱ्या एकाचा मुद्दा मान्य. दुव्याची अट मूल्यमापनाच्या फॉर्ममध्येच सक्तीचा प्रश्न म्हणून घालता येईल.

तिसरा_बाक

यातच चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या आणि घरबसल्या बनवलेल्या मुलाखतींचाही प्रश्न येतो. खोटी ओळ ओळखायची खूण अशी की ती फार नीटनेटकी असते, गृहीतकाला पूर्ण पाठिंबा देते आणि 'त्याच्या तोंडचं वाक्य' पुस्तकी असतं. खरा माणूस विषय सोडून बोलतो, आकडे अंदाजे सांगतो. पण खुणांवरून आरोप करू नका. आठवड्याच्या तासाला टीममागे ३ मिनिटं ठेवा, १२ टीमना ३६ मिनिटं लागतात. कुठलाही एक क्रमांक काढा आणि ती मुलाखत न घेतलेल्या सदस्याला विचारा: "मुलाखत ९ मध्ये काय नवीन कळलं? त्यामुळे कॅनव्हासमध्ये काय बदललं?" आपल्या सोबत्याने काय आणलं हे प्रत्येकाला वाचावंच लागतं. बनवलेली मुलाखतही उघडी पडते, कारण दुसरा सदस्य प्रश्न विचारायला लागला की बनवणाऱ्याला तपशील जुळवता येत नाहीत.

खडूफळा

हे लगेच लागू करण्यासारखं आहे. टीम-टीममधल्या सहकार्याचं काय? 'आमची कल्पना चोरतील' म्हणून मुलं काही दाखवायलाच तयार नसतात.

आंतरपीक

चोरीची भीती घालवायला भाषण देऊ नका. काय उघडं आणि काय झाकलेलं ते ठरवून द्या. मुलाखतींच्या शीट टीमपुरत्याच राहतील. पद्धती, अडलेल्या जागा आणि एक पानी सारांश वर्गाला खुले. मूडलच्या भाषेत शीटसाठी 'सेपरेट ग्रुप्स', सारांशासाठी 'व्हिजिबल ग्रुप्स'. दुसऱ्यात इतर टीमचं दिसतं, पण लिहिता आपल्याच टीममध्ये येतं.

देवाणघेवाणीसाठी जिगसॉ पद्धत या विषयात चपखल बसते. इलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत आणली, वेगवेगळ्या वंशांच्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्यावर त्यांच्यातली तेढ कमी व्हावी म्हणून. आपल्याकडे पाच सदस्य, म्हणून पाच विषय: मुलाखतीचे प्रश्न, खर्चाचा हिशेब, किंमत ठरवणं, पहिले ग्राहक मिळवणं, कायदेशीर नोंदणी-परवाने. प्रत्येक टीममधून एका विषयाला एक जण. म्हणजे एका विषयाला १२ जण, जे एका रूमसाठी फार झाले. ६-६ चे दोन गट करा, एकूण १० रूम. सहाव्या आठवड्याच्या तासात तिथे २५ मिनिटं, मग आपापल्या टीमकडे परत जाऊन प्रत्येकाने ५ मिनिटं शिकवायचं. टीमला खर्चाचं कळायचं असेल तर त्या एकाकडूनच कळणार, दुसरा मार्ग नाही. त्यामुळे एरवी गप्प बसणाऱ्यालाही टीम स्वतःहून बोलतं करते.

विषयगट रिकाम्या हाताने परतू नये. प्रत्येक गटाला एक वस्तू तयार करायला द्या. किंमतवाल्यांनी तीन प्रश्न, हिशेबवाल्यांनी एक कोरा तक्ता: एका नगामागे किंवा एका ग्राहकामागे खर्च, दरमहा ठरलेला खर्च, ना नफा ना तोटा यायला किती विक्री लागेल. वस्तू नसेल तर परतल्यावर शिकवणं 'चर्चा झाली, छान झाली' एवढ्यावर संपतं.

मग टीमने टीमचं परीक्षण. टीम क्र. न हिने न+१ आणि न+४ यांचे सारांश तपासायचे, बारापुढे गेलं की पुन्हा एकपासून. म्हणजे १० वी टीम ११ वी आणि २ री तपासते. या मांडणीत कुठल्याही दोन टीम एकमेकींना तपासत नाहीत, त्यामुळे 'तू मला दे, मी तुला देतो' होत नाही. न+६ घेतलंत तर मात्र नेमक्या तशा जोड्या बनतात. शेरे दोनच: सगळ्यात कमी पुराव्यावर उभं असलेलं गृहीतक कोणतं, आणि पुढच्या ग्राहकाला विचारावा असा एक प्रश्न. 'प्रेझेंटेशन आकर्षक' वगैरे शेरे परत पाठवा. ज्या टीमने मिळालेला प्रश्न खरंच एका ग्राहकाला विचारला आणि उत्तराचा मुलाखत क्रमांक जोडला, तिने तो प्रश्न देणाऱ्या टीमला एक गुण मिळवून दिला असं धरा. चांगला प्रश्न देण्यात मग दोघांचाही फायदा असतो.

मूडलवाला

परीक्षणासाठी मूडलचं वर्कशॉप (एकमेकांचं काम तपासायची सोय) वापरणार असाल तर दोन गोष्टी. त्यात मूळ सेटिंगप्रमाणे कामाला ८० आणि दुसऱ्याचं तपासण्याला २० गुण असतात. तपासणं मनावर घ्यायला हवं असेल तर ते ६०-४० करा. दुसरं, वर्कशॉप व्यक्तीगणिक चालतं, टीमचं म्हणून काम सादर होत नाही. टीमच्या एका प्रतिनिधीने सादर करायचं आणि परीक्षकांची नेमणूक हाताने करायची, म्हणजे आंतरपीक यांची न+१, न+४ मांडणी लावता येते. रँडम नेमणूक दाबलीत तर आपल्याच टीमचं काम आपल्याकडे येऊ शकतं. आणि एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात शिक्षकाला न्यावं लागतं. सादरीकरणाचा टप्पा बंद करून मूल्यमापनाचा चालू केला नाही तर विद्यार्थ्यांना तपासायला काही दिसतच नाही आणि 'लिंक चालत नाही' असे निरोप येत राहतात.

खडूफळा

शेवटचे दोन प्रश्न. सातव्या आठवड्यात एक जण गायबच झाला तर? आणि कोर्स संपल्यावर टीमला तोच धंदा पुढे न्यायचा असेल तर फायलींचं काय?

सावली

गायब झालेल्याबद्दल: टीमने करारात ठरवलेल्या जागी एक लेखी निरोप, ४८ तास वाट, मग शिक्षकाला कळवायचं. शिक्षकाने पहिला निरोप विचारपूस म्हणून पाठवावा, तंबी म्हणून नको. आजारपण, घरची अडचण, संपलेला डेटा, काहीही असू शकतं. तोवर त्याची उघडी कामं शीटच्या 'कामं' टॅबमधून पुन्हा वाटून घ्यायची आणि टीमकडून अपेक्षित मुलाखती त्याच्या वाट्याएवढ्या कमी करायच्या. चौघांवर पाचांचं ओझं टाकलं की ते परत आलेल्या सोबत्याला जवळ करत नाहीत. तो परतला तर त्याला मागचं भरून काढायला लावण्याऐवजी पुढच्या दोन मुलाखती द्या, त्याने तो लगेच टीमच्या बोलण्यात येतो. चारच्या टीममधले दोघं गेले तर उरलेल्या दोघांना तसंच रेटू नका, जवळच्या विषयाच्या टीममध्ये सामावून घ्या. त्यांच्या मुलाखतींच्या ओळी त्यांच्या नावासकट नव्या शीटमध्ये जातील.

हिशेबवही

फायलींबद्दल: अकराव्या आठवड्यातच विचारा की पुढे कोण कोण चालवणार. पाचही जण क्वचितच हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांच्या मुलाखती, त्यांनी काढलेलं बोधचिन्ह, त्यांनी आणलेले ग्राहक यांचा वापर उरलेल्यांनी कसा करायचा हे एका पानावर लिहून पाचही जणांनी मान्य करायचं. पैशांचे वाटे त्या पानावर ठरवू नका. धंद्यात अजून पैसाच नाही, आणि कोण किती काळ टिकणार हेही माहीत नाही. कोणाचं काय काम वापरलं जाईल आणि त्याचं श्रेय कसं दिलं जाईल एवढं पुरे.

मुलाखत दिलेल्यांना 'वर्गाच्या कामासाठी' असं सांगितलेलं असेल तर धंद्यासाठी त्यांच्याशी पुन्हा संपर्क करण्याआधी नव्याने विचारावं लागेल. ते वाक्य मुलाखतीच्या सुरुवातीलाच घालून ठेवलं तर बरं: "पुढे हे काम चालू राहिलं तर परत बोलायला चालेल का?" शीटमध्ये त्यासाठी हो/नाही चा एक रकाना वाढवा.

आणि संस्थेच्या खात्यातल्या फायली स्वतःच्या खात्यात नुसत्या शेअर करून ठेवू नका, खाती बंद झाली की शेअरिंगही जातं. शीट आणि डॉक यांची प्रत डाउनलोड करून बाराव्या आठवड्याच्या आत बाहेर काढायला सांगा. डाउनलोड केलेल्या प्रतीत व्हर्जन हिस्टरी येत नाही, म्हणून निर्णयनोंद डॉकच्या आत लिहिलेली असणं तिथे पुन्हा कामाला येतं.